हंसवाली बाग

एकोणनव्वद साली गावच्या सरकारी बागेत कुणी कुत्रंही फिरकत नव्हतं, म्हणून साहेबांनी माळ्याची, म्हणजे डोमाजीची, जागाच रद्द करायचं ठरवलं. महिन्याची मुदत दिली. डोमाजीनं डोकं लढवलं. फोटोग्राफर सुधाकररावांकडून बागेचे आठ फोटो काढून घेतले आणि बसस्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात टांगले. खाली लिहिलं, 'या, फिरा, फोटो काढा.'

लोक खरंच आले. पहिल्या आल्या बोथ गावच्या जयवंताबाई, लग्नाच्या लेकीला नटवून. डोमाजीनं पोरीला फुललेल्या गुलाबापाशी उभं केलं, तशा बाई भडकल्या.

"झाडं तं आमच्या वावरातबी हायेत! सुधाकरभाऊ, तुमच्या दुकानातला थो हंसवाला पडदा आना ना. पाहुण्याईले वाटलं पायजे, पोरगी बागंत फिरते!"

रंगवलेली बाग नि तळ्यात हंस असलेला तो पडदा आला. डोमाजीनंच गुलाबाच्या वाफ्यात दोन बांबू रोवून तो ताणला. फोटो असा झकास निघाला की पुढच्या रविवारी रांग लागली. मग हंसाच्या तोंडावर सावली पडते, अशी तक्रार आली. डोमाजीनं लावलेला कडुनिंब डोमाजीनंच तोडला. रांगेला जागा पुरेना, तेव्हा गुलाबही उपटले.

गर्दी पाहून साहेब खूश झाले. डोमाजीची नोकरी वाचली.



आता तो रोज सकाळी सवयीनं झारी भरून आणतो, तिच्यात फडकं भिजवतो आणि हंस पुसून काढतो.