खिडकीतला प्रसंग

“दिवे बंद करा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि स्टुडिओच्या छोट्या प्रेक्षागृहात भर दुपारी अंधार झाला.

पहिल्या रांगेत मधोमध चिमीच्या आईला बसवलं होतं. तिच्या एका बाजूला थोरल्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला धाकट्यांचे. सख्खे भाऊ, पक्के वैरी ही म्हण बहुधा या थोरल्या-धाकट्यांना बघूनच कुणीतरी केली असावी. वडिलांच्या माघारी एका स्टुडिओचे दोन झाले, खुर्च्या-टेबलंसुद्धा वाटून झाली, एक चित्रपट तेवढा लोंबकळत राहिला. करार साधा होता. नायिकेनं सगळे प्रसंग स्वतः पुरे केले असतील तर चित्रपट थोरल्यांचा, नाहीतर धाकट्यांचा.

ती नायिका म्हणजे आईची चिमी.

भांडण उरलं होतं शेवटच्या प्रसंगाचं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत चिमी, कुणाची तरी वाट बघत बसलेली. हलत नाही, बोलत नाही. धाकटे म्हणत, पोरगी आधीच काम टाकून गेली, खुर्चीत बसवली ती मेणाची बाहुली. थोरले म्हणत, तीच ती. प्रसंग संपवून गेली, कुठे ते देव जाणे. दिग्दर्शकाला विचारावं तर तो केव्हाच वारला होता.

मध्यंतरी थोरल्यांनीच तडजोडीची भाषा काढली होती. “देऊन टाका त्याला, नको ती कटकट,” म्हणाले. पण जिंकत आलेला खटला सोडतील ते वकील कसले? आईला साक्षीला आणायची कल्पनाही वकिलांचीच.

आईला चित्रपट कुणाचा याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. खुर्चीतली ती बाहुलीच ठरली, तर चिमी त्याआधीच नाहीशी झाली होती आणि तिचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती चिमीच ठरली, तर काम पुरं करून ती आपल्या पायांनी गेली. आईवर रागावून गेली असेल, पण गेली. आणि गेलेलं माणूस परत येतं. त्या एका आशेवर आईनं इतकी वर्षं घर बदललं नव्हतं.

“घाबरू नका, मावशी,” थोरल्यांचे वकील म्हणाले. “फक्त बघायचं आणि सांगायचं.”

“घाबरत नाही. चष्मा पुसतेय.”

पडद्यावर खिडकी उजळली. थोरल्यांचे वकील उठून उभे राहिले. “सलग एकच शॉट आहे. मध्ये कुठे काटछाट नाही, चित्र थांबवून ठेवलेलं नाही. खिडकीचा पडदा वाऱ्यानं कसा हलतोय बघा.”

“पडदा हलतोय, बाई हलत नाही,” धाकट्यांचे वकील म्हणाले.

“त्याला अभिनय म्हणतात, साहेब.”

मागे दोघं-तिघं हसले. कॅमेरा हळूहळू पुढे सरकत खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या हातापाशी आला. आई पुढे वाकली. मनगटावर आडवा डाग होता.

“इस्त्रीचा चटका,” ती म्हणाली. “माझ्याच हातून लागला होता.”

“डाग बाहुलीलाही काढता येतो,” धाकट्यांचे वकील म्हणाले, पण आवाज जरा नरमला होता.

“आणि नख? करंगळीचं बघा, पार कुरतडलंय. किती ओरडायचे मी त्यावरून.” आईनं पडद्याकडे बोट केलं. “आणि हातावरची ती लव. बाहुलीला लव कोण लावत बसेल, बाळा? माझीच पोर आहे ती.”

धाकट्यांच्या वकिलांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि हात जोडले. “मान्य. बाहुली नाही. आमची हरकत मागे घेतो.”

थोरल्यांच्या वकिलांचा आनंद गगनात मावेना. आईच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोर शेवटपर्यंत होती, धडधाकट होती, काम तडीस नेऊनच गेली. आज ना उद्या दार वाजेल.

“लागला ना निकाल? बंद करा आता,” मागच्या रांगेतून थोरले म्हणाले. ते उठून उभे राहिले होते.

“राहू द्या हो,” आई म्हणाली. “किती वर्षांनी दिसतेय.”

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. दिवे कुणी लावले नाहीत.

कॅमेरा चेहऱ्यापाशी आला. डोळे टक्क उघडे, केस वाऱ्यानं भुरुभुरु उडताहेत. अगदी तश्शीच, आईला वाटलं, आणि ती एकटीच हसली. शेजारी दोन्ही वकील हस्तांदोलन करत होते. तेवढ्यात खिडकीतून एक माशी आत आली आणि चिमीच्या गालावर बसली. ती हाकलायला आईचा हात आपसूक उठला. माशी गालावरून सावकाश वर चढत गेली, उघड्या डोळ्याच्या बुबुळावर जाऊन बसली, आणि बसूनच राहिली.