परीक्षेची गाडी

"बंद कर," मालक म्हणाले. "ऐकलास ना ठोका? आता शोध."

तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ठोका ऐकू न यायला ती काही बहिरी नव्हती. बॉनेटखाली कुणी हातोडी घेऊन बसल्यासारखं ठकठक चाललं होतं, आणि ॲक्सिलरेटर दाबला की हातोडीवाल्यालाही घाई सुटत होती.

"खोट मीच मुद्दाम घालून ठेवली आहे," मालक खुर्चीत टेकत म्हणाले. "माणूस पारखूनच ठेवलेला बरा. शोध, दुरुस्त करून दाखव. नोकरी तुझीच."

या नोकरीवाचून तिचं अडलं होतं. जुनं गॅरेज बंद पडल्यापासून ती गावभर हिंडली होती. जिथं तिथं तिला नखशिखांत न्याहाळायचे आणि काउंटरवर बसशील का म्हणून विचारायचे. घरी मावशीचं पालुपद ठरलेलं, "तुला कोण इंजिनाला हात लावू देणार? सोड तो हट्ट." आज निघताना तिनं मावशीला ठणकावून सांगितलं होतं की नोकरी घेऊनच परत येईन.

इथं निदान हात तरी लावू देत होते. गॅरेजमध्ये दुसरं कुणी दिसत नव्हतं. कारागीर जेवायला गेले असतील, असं तिनं धरलं आणि बाह्या सरसावल्या.

आधी तिनं ऑइल पाहिलं. पातळी बरोबर होती, रंगही ठीक. मग इंजिन सुरू ठेवून तिनं प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. ज्या सिलिंडरचं दुखणं असेल त्याची वायर काढली की ठोका मवाळ होतो. इथं कुठलीही काढा, पठ्ठ्या आपल्या तालात ठोकतोय.

तिनं पिशवीतून आपला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. लाकडी मुठीचा, जुन्या उस्तादांनी दिलेला. टोक इंजिनावर टेकवून तिनं मूठ कानाला लावली आणि जागा बदलत बदलत ऐकू लागली.

"बेअरिंग गेलंय, असं नाही वाटत तुला?" मालकांनी विचारलं. "इंजिन खाली उतरवावं लागेल, असं?"

तिला मनातल्या मनात हसू आलं. म्हातारा चकवतोय. आपण नाही गळाला लागायचो.

"नाही साहेब. बेअरिंग असतं तर वायर काढल्यावर फरक पडला असता. आवाज मागून येतोय, गिअरबॉक्सच्या बाजूनं."

"नक्की?"

"नक्की."

 तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. "हो हो, आजच देतो," ते पाठ फिरवून म्हणाले. "काम चालूच आहे."

गाडी जॅकवर चढवून, खाली टेकू लावून ती आत सरकली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथलं पत्र्याचं झाकण तिनं काढलं. गाडी ऑटोमॅटिक होती; आत इंजिनाची चकती गिअरबॉक्सला बोल्टांनी धरलेली असते. पहिला बोल्ट घट्ट होता. पाना लावून इंजिन हातानं थोडं फिरवल्यावर दुसरा समोर आला. तिनं त्याला बोट लावलं आणि तो हलला. तिसराही तसाच.

"सापडला," ती खालूनच म्हणाली.

मालक खुर्चीतून उठलेच. टॉर्च घेऊन, गुडघे टेकून ते स्वतः खाली वाकले आणि बराच वेळ त्या बोल्टांकडे पाहत राहिले. परीक्षक असावा तर असा, तिला वाटलं. बोल्टांच्या डोक्यांवर जुना मळ जसाच्या तसा होता. पाना लावल्याचा ओरखडासुद्धा नाही. बोल्ट सैल केले आणि मागमूस राहू दिला नाही, म्हणजे माणसाच्या हातात कसब असलं पाहिजे. अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळणार म्हणून ती हरखून गेली.

तिनं बोल्ट काढून साफ केले, पुन्हा बसवून आवळले, झाकण लावलं, गाडी खाली घेतली आणि इंजिन सुरू केलं.

ठोका गेला होता. मालक डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"झकास. उद्या कळवतो तुला."

"पण नोकरी माझीच म्हणालात ना?"

"अगं, तुझीच समज. भागीदाराच्या कानावर घालायला नको?"

तेही खरंच होतं. हात धुऊन ती निघाली आणि बसथांब्यावर पोहोचताच तिनं मावशीला फोन लावला.

"मिळाली."

 "घोरपडीसारखी चिवट मेली," मावशी म्हणाली, पण आवाजात कौतुक होतं. "लवकर ये. वाट बघते."

बस समोर दिसली तेव्हा तिनं पिशवी चाचपली. स्क्रू-ड्रायव्हर गॅरेजातच राहिला होता. बस सोडून ती उलट पावली निघाली.

फाटकातून तीच गाडी बाहेर येत होती. चालवणाऱ्या बाईंनी काच खाली करून मालकांना हाक दिली, "इतकी गॅरेजं पालथी घातली, सगळे मेले इंजिन उतरवा म्हणत होते. तुमच्या हाताला गुण आहे हो!" मालकांनी हात जोडले आणि ते आत वळले. तिला बाजूला सरकून गाडीला वाट द्यावी लागली.

आत दुसऱ्या एका गाडीचं बॉनेट उघडं होतं. तिच्याशेजारी डोक्यावरचे केस पांढरे झालेला एक माणूस बाह्या सरसावत उभा होता, आणि त्याच्या हातात तिचा स्क्रू-ड्रायव्हर होता. मालक खुर्चीत टेकले.

"खोट मीच मुद्दाम घालून ठेवली आहे," ते त्याला म्हणाले. "शोध, दुरुस्त करून दाखव. नोकरी तुझीच."