त्या मे महिन्याचा भाव

म्हातारा फेर्मिनाबाईच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली पावाची बाहुली होती. तान्ह्या पोराएवढी, तोंडाला मातीचा रंगीत मुखवटा. उद्या दुपारी बाराला मेलेली माणसं घरी जेवायला येणार, म्हणून आज अख्खं वियासोन गाव, गेलेल्या प्रत्येकाच्या नावाची एक, अशा बाहुल्या घेऊन फिरत होतं.

"पेसो देताय की घेताय?" बाईने विचारलं. पुलापलीकडे अर्जेंटिना, अलीकडे बोलिव्हिया आणि पुलाच्या तोंडाशी हिचं टेबल. चाळीस वर्षं ती इथेच बसून तिकडचा पैसा इकडचा करून देत होती.

"बदलायचं काही नाही. भाव विचारायचाय. एकोणनव्वद सालच्या मे महिन्यातला."

"अगं बाई! लोक आजचा भाव ऐकून रडतात, तुम्हाला तीस वर्षांपूर्वीचा हवाय?"

म्हाताऱ्याने टोपीच्या अस्तरातून घडीचा कागद काढला. "मला वाचता येत नाही. माझी बायको वारली, यंदाच्या पावसाळ्यात. इलारिया. हा तिच्या पेटीत होता. मेहुणी म्हणते, आधी हा घेऊन फेर्मिनाबाईकडे जा, मग माझा उंबरा चढ."

बाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तुम्ही कासिमिरो. ऊसतोडीला गेलात ते परत न आलेले."

"कशाला येऊ परत?" म्हातारा उसळला. "सहा हजार ऑस्ट्राल पाठवले होते मी. तेव्हा तिकडे तोच पैसा चालायचा. मुकादमाने सांगितलं, याचे दोनशे बोलिव्हियानो होतात. आणि ही कळवते, ऐंशीच मिळाले. ऐंशी! म्हणे दवाखान्याला पुरले नाहीत. माझा निकानोर गेला हो, दोन वर्षांचा. उरलेले एकशेवीस हिने भावाच्या घशात घातले, दुसरं काय? पुन्हा तोंड बघितलं नाही मी तिचं."

"म्हणून बाहुली एकच? पोराची?"

"पोराचीच. तिला कशाला?"

फेर्मिनाबाईने टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढली. रोज सकाळी आधी वहीत भाव लिहायचा आणि मगच चहाला तोंड लावायचं, हा तिचा नेम. कुणी कितीही हसो, एक दिवस चुकला नव्हता. एकोणनव्वदची वही तिने धूळ झटकून बाजूला ठेवली आणि कागद उघडला.

"'इलारिया,'" ती वाचू लागली, "'सहा हजार ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय. बदलू नकोस. मुकादम म्हणतो, मतदान झालं की अर्जेंटिनाचा पैसा वधारणार. मी निरोप देईपर्यंत हात लावू नकोस. कासिमिरो.' खाली तारीख आहे, दोन मे."

म्हातारा कागदावर वाकला. "हे... हे माझं पत्र? मुकादमाकडून असं लिहून घेतलं होतं मी?"

बाईने कागद उलटला. मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे लिहिले होते, एकाखाली एक, वेडेवाकडे.

"हे तिचं अक्षर. आकडे मीच शिकवले होते तिला, या टेबलावर." तिने वही उघडून शेजारी धरली. "दोन मे. एका बोलिव्हियानोला तीस ऑस्ट्राल. माझ्या वहीतही तीस. पाच मे, तेहतीस. इथेही तेहतीस. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस. आकडा चढतोय म्हणजे तुमचा पैसा उतरतोय, कळतंय ना?"

"रोज लिहायची?"

"रोज यायची. पोराला पाठीशी बांधून. मी घसा फोडून सांगायचे, बये, आज बदल, उद्या याहून कमी येतील. तर म्हणायची, त्यांचा निरोप येऊ दे." बाईने बोट शेवटच्या आकड्यावर ठेवलं. "मे संपत आला होता. त्या दिवशी पोराला श्वास घेता येईना. तेव्हा आली पळत, म्हणाली, आता द्या. भाव पंचाहत्तर. तुमच्या सहा हजारांचे किती झाले? करा हिशेब."

"ऐंशी," म्हातारा म्हणाला. तो तिथेच फूटपाथवर बसला.

"निरोप मी पाठवलाच नाही," तो म्हणाला. "हंगाम सुरू झाला होता. विसरलो हो मी. साफ विसरलो." आणि तो चारचौघांत ओक्साबोक्शी रडला. पुलावरचे हमालही क्षणभर थांबून बघू लागले.

"मला बोलली का नाही ती?"

"कुणाला बोलणार? तुम्ही आलात कुठे?"

त्याने नाक पुसलं, कागद पुन्हा टोपीच्या अस्तरात घातला. "बाई, मोठी बाहुली कुठे मिळेल? बाईमाणसाची."

"आत्ता? लोक आठवडाभर आधी सांगून ठेवतात. तो समोरचा पाववाला बघा. उद्या पहाटे शेवटची भट्टी लावणार आहे, त्यात घाल म्हणावं एक."

म्हातारा रस्ता ओलांडून गेला, पाववाल्याशी दोन शब्द बोलला आणि बंद भट्टीच्या पायरीवर बसला. पोराची बाहुली त्याने मांडीवर घेतली.

ऊन उतरलं, पठारावरचा बोचरा वारा सुटला. फेर्मिनाबाईने टेबल आवरलं, पेटीला कुलूप घातलं. तो अजून तिथेच होता.

"अहो, गारठून मराल! मेहुणीकडे जा. सकाळी या."

"नको," तो म्हणाला. त्याने अंगावरची शाल काढून मांडीवरच्या बाहुलीभोवती गुंडाळली. "मी थांबतो."