विजेची जागा

पुरोहित गुडघ्यावर बसला आणि अंगणात पडलेल्या मामिलियसकडे बघत राहिला. छातीपासून खाली माणूस जळून काळा पडला होता. शेजारच्या अंबाडीच्या ढिगाची राख झाली होती. डोकं तेवढं जळलं नव्हतं. बायकोनं आपली शाल त्याभोवती घट्ट गुंडाळून मानेशी गाठ मारली होती.

"कालच्या कोरड्या वादळात गेला," शेजारीण पेट्रोनिया म्हणाली. "आणि ही बया रात्रभर उशाशी बसून! अगं वेसोनिया, मला हाक मारायचीस. निदान दिवा तरी लावायचास."

"तेल नव्हतं," वेसोनिया म्हणाली.

मामिलियस जहाजांचे दोर वळायचा. दोर वळायला लांबलचक जागा लागते, आणि ओस्तिया बंदरात तशी ही एकच पट्टी उरली होती. डावी-उजवीकडची घरं धान्यव्यापारी त्रेबियसनं विकत घेऊन पाडली होती. तिथं आता त्याच्या धान्यकोठाराच्या भिंती होत्या. मधली पट्टी मिळाली की दोन्ही भाग जोडून वर छप्पर टाकायचं, एवढंच बाकी होतं. मामिलियस काही केल्या हटला नाही. त्रेबियसची माणसं येऊन दम देऊन जायची. तक्रार करायची तर कुणाकडं? गावचे न्यायाधीश रोज त्रेबियसच्याच पंगतीला.

त्रेबियस आला तो तोंड पाडूनच. "वहिनी, फार वाईट झालं. आता एकट्या काय करणार इथं? जागेचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका."

"जागेचं आता कुणी काही बघायचं नाही," पुरोहित उठत म्हणाला. "विजेनं मारलेल्याला चितेवर नेत नाहीत. पडला तिथंच पुरायचा आणि सभोवती भिंत घालायची. ही पट्टी आता देवाची झाली. इथं कुणी राहायचं नाही, बांधायचं नाही, पाऊलही टाकायचं नाही."

रीत त्रेबियसला ठाऊक होती. विजेचं मात्र तो आत्ताच ऐकत होता.

"वीज कशावरून? शेगडी कलंडली असेल. म्हातारा माणूस."

"मग प्रेत धुऊन नीट तपासायला हवं. वेसोनिया, सोड ती शाल."

वेसोनियानं गाठीला हात घातला. नजर त्रेबियसवर होती.

"राहू द्या, राहू द्या," तो घाईनं म्हणाला. "मेल्यावर कशाला हाल? वीजच ती. मी गच्चीवरून पडताना पाहिली."

"शपथेवर सांगतोस?"

त्रेबियसनं हात वर केला. "शपथेवर."

"एवढा मऊ कधी झाला हा मेला?" पेट्रोनिया पुटपुटली.

विधीची मेंढी कापली, खड्डा खणला, शालीसकट मामिलियसला मातीआड केलं. भिंतीला विटा त्रेबियसच्याच आल्या. जवळपास दुसऱ्या कुणाकडं होत्या?

वेसोनिया बोचकं घेऊन रस्त्यावर उभी होती. पुरोहिताला तिची कीव आली. बिचारीचा नवराही गेला आणि घरही गेलं.

"बाबा, ही जागा कुणालाच मिळणार नाही ना? कधीच?"

"कधीच नाही, पोरी. खुद्द सम्राटालाही नाही."

तिनं मान हलवली. नाक्यावरच्या हौदाशी जाऊन ती हात चोळचोळून धुऊ लागली. तेलाचा वास काही केल्या जात नव्हता. काल वादळ उठायच्या आधीच त्रेबियसच्या माणसानं मागून डोक्यात घाव घालून मामिलियसला ठार केलं होतं. आणि पहिली वीज कडाडली तेव्हा घरातला एकेक दिवा त्याच्या अंगावर रिकामा करून तिनंच आग लावली होती.