बदामाची पानं

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या इवाल्दोच्या अंगणात बदामाचं झाड होतं, त्याच्या बायकोने, दाल्वाने लावलेलं. ती गेली, आणि शेजारच्या दोना झेल्माने, म्हणजे झेल्माबाईने, पालिकेत तक्रार केली की पानांचा कचरा होतो, झाड पाडा.

"दोना, तिची एवढीच खूण उरलीय हो," तो विनवायचा.

"खूण हवी तर फोटो लावा, सेऊ इवाल्दो. तुमच्या खुणेपायी झाडू मला मारावा लागतो."

आज करवतवाले आले, तर हीच बाई धावत येऊन झाडाला पाठ लावून उभी राहिली. "खबरदार, फांदीला हात लावाल तर!"

इवाल्दोचे डोळे भरून आले.



"रडताय काय? माझ्या नातवाच्या माशांच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच चढलाय, मासे मरतायत, आणि तो उतरवायला हीच पानं लागतात म्हणे. वाळलेली वेचून रोज माझ्या दारात आणून ठेवत जा!"