फाटकाजवळची खुर्ची

ब्लड कॅन्सरच्या औषधांनी सुमनच्या अंगात जंतूंशी लढायची ताकदच उरली नव्हती, त्यात फुप्फुसात बुरशी शिरली. नागपूरच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "घरात बाहेरचं कोणीही येता कामा नये." तेव्हापासून तिचा नवरा देवराव कळंबच्या घराच्या फाटकाशी खुर्ची टाकून, डोळ्यांत तेल घालून बसला. भेटायला येणाऱ्यांना हात जोडून परत धाडायचा. यवतमाळहून एसटीने आलेल्या सख्ख्या बहिणीलाही, बेबीलाही, त्याने आत सोडलं नाही.

"वयनीले दुरून पाहू बी नाही देत?" बेबी रडत म्हणाली. "आता तू बलावशील तवाच येईन."

आज नागपूरहून परतल्यावर देवरावने ती खुर्ची उचलून सुमनच्या खाटेशी नेऊन ठेवली. मग अंगणात येऊन बेबीला फोन लावला.

"ये वो बाई. जवाईबुवाले, लेकरायले, सगळ्यायले घेऊन ये."

"वयनी बरी झाली काय, दादा?" बेबीचा आवाज आनंदाने चिरकला.

देवरावने सताड उघड्या फाटकाकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हनले, आता कोनालेच अडवू नका."