ऐंशी गुरू

चामोर्शीच्या बाजारात गुरुमहाराजांचा हुकूम फिरला: गुरुग्रहावर यान कोसळणार, गुरू पेटणार, दुसरा सूर्य उगवणार, म्हणून आज कोणी विस्तव पेटवायचा नाही. साऱ्या टपऱ्या थंडावल्या. रोशनीनं मात्र भज्यांची शेगडी पेटवलीच. ती फिजिक्स शिकली होती आणि तिचं घर या बाजारावरच चालायचं. महाराज स्वतः आले. “पोरी, विझव!” तिनं त्यांच्या हातात माजरीच्या खाणीतल्या दगडी कोळशाचा एक खडा आणि काडेपेटी ठेवली. “हा एकटा पेटवून दाखवा, मंग विझवीन.” काड्या संपल्या, खडा काळाच राहिला, महाराजांचं बोट तेवढं भाजलं. “गुरूचंबी असंच हाये. तसे ऐंशी गुरू एका ढिगात रचले, तवा कुठी तारा पेटते. एकटा गुरू पेटत नाई.” महाराज लालबुंद झाले. “भस्म करीन तुला!” रोशनीनं कढईत भजी सोडली आणि बाजाराला हाक दिली, “चुकलं माझं! इथी एकटाच गुरू पेटून राह्यला!”